स्वतःच्याच तारखा खोडणारा पुरातत्त्वज्ञ: पॅट्रिक कर्च

संशोधनाकडे वळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक भीती असते. ती कुणी उघडपणे बोलत नाही, पण चहाच्या टपरीवर कधीतरी बाहेर पडतेच. समजा मी पाच-सहा वर्षं घालून काहीतरी सिद्ध केलं, पेपर छापून आला, लोकांनी संदर्भ दिले, आणि मग ते चुकीचं निघालं तर? मग माझं काय?

आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्या बाबतीत हेच झालं. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी एका जागी उत्खनन केलं. तिथून निघालेल्या तारखा पुढची तीसेक वर्षं पुस्तकांतून शिकवल्या गेल्या. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वतःच पेपर लिहून सांगितलं की त्या तारखा काही शतकांनी चुकल्या आहेत. तरीही आज पॉलिनेशियाच्या पुरातत्त्वाचं कुठलंही पुस्तक उघडा, सर्वांत जास्त वेळा जी नावं दिसतात त्यात त्यांचं नाव असतंच.

हे गृहस्थ म्हणजे पॅट्रिक विंटन कर्च. त्यांचं चरित्र सांगायचा माझा हेतू नाही. चूक होणं आणि प्रभावी असणं या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, ते बघायचंय. तुम्ही पुरातत्त्वाचे नसलात तरी वाचा. इथे कोळशाच्या जागी तुमचा सर्व्हे, तुमचा प्रयोग किंवा तुमची हस्तलिखितं ठेवली तरी चालेल.

आधी नकाशा

पॅसिफिक महासागराचा नकाशा समोर घ्या. वर उत्तरेला हवाई, खाली नैऋत्येला न्यूझीलंड आणि पूर्वेला पार एकटं पडलेलं रापा नुई, म्हणजे आपण ज्याला ईस्टर आयलंड म्हणतो ते. हे तीन बिंदू जोडले की एक प्रचंड त्रिकोण तयार होतो. हा पॉलिनेशिया. यात टोंगा, सामोआ, ताहिती, मार्केसास अशी असंख्य बेटं आहेत. त्यांच्यातलं अंतर कधी कधी हजारो किलोमीटर, पण भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी.

या लोकांचे पूर्वज सुमारे २८०० वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर पूर्वेकडच्या बेटांवर ते कधी गेले? आणि उत्तरेला, भर समुद्रातल्या हवाईला माणूस पहिल्यांदा कधी उतरला? प्रश्न साधा वाटतो, पण अडचण बघा. लिखित नोंदी नाहीत. आपल्याकडे उत्खननात खापरं निघाली की त्यांच्या प्रकारावरून काळाचा अंदाज बांधता येतो. हवाईत मडकी बनवतच नव्हते, त्यामुळे खापरंही नाहीत. मिळतात ते हाडांचे आणि शिंपल्यांचे मासेमारीचे गळ, दगडी वाशे, चुलींचा कोळसा, आणि खाऊन टाकलेल्या प्राण्यांची हाडं.

म्हणून कोळसा महत्त्वाचा. रेडिओकार्बन पद्धत नवीनच निघाली होती तेव्हा बिशप म्युझियमचे केनेथ एमरी यांनी ओआहू बेटावरच्या एका खडकाच्या आडोशाखाली, कुलीओऊओऊ इथे, १९५० साली उत्खनन केलं आणि तिथला कोळसा शिकागोला विलर्ड लिबी यांच्याकडे पाठवला. उत्तर आलं: इ.स. १००४, अधिक-उणे १८० वर्षं. पॉलिनेशियातली ही पहिली रेडिओकार्बन तारीख. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

शंख गोळा करणारा मुलगा

कर्च यांचा जन्म १९५० साली होनोलुलूचा. शाळेत असतानाच उन्हाळ्याच्या सुट्टीत ते बिशप म्युझियममध्ये जायला लागले. पुरातत्त्व विभागात नाही, तर योशियो कोंडो या शंखतज्ज्ञांच्या हाताखाली. काम काय? जमिनीवरच्या छोट्या गोगलगायींचे शंख निवडायचे, मोजायचे, लेबल लावायचं, खोक्यात ठेवायचं.

हे सांगायचं कारण म्हणजे ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली. उत्खननाच्या मातीत सापडणारे बारीक शंख बहुतेक पुरातत्त्वज्ञ चाळणीतून फेकून देत. कर्च ते ठेवायचे, कारण कोणती गोगलगाय कुठल्या झाडीत राहते हे त्यांना माहीत होतं. जंगलातल्या जाती नाहीशा होऊन माणसाबरोबर आलेल्या जाती वाढल्या, की तिथलं जंगल तुटलं असणार हे त्यातून वाचता येतं. तुमच्याकडे आधीपासून एखादं "असंबद्ध" कौशल्य असेल, म्हणजे कोडिंग असो, मोडी वाचता येणं असो किंवा शेतीची माहिती असो, तर ते प्रपोजलमधून वगळायची घाई करू नका.

पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदवी, १९७५ साली येलमधून पीएचडी, मग बिशप म्युझियम, सिएटलचं बर्क म्युझियम, आणि १९८९ पासून बरीच वर्षं कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली. नोकऱ्या बदलल्या, पण बेटं सुटली नाहीत.

१९७०: हालावाची वाळू

मोलोकाई बेटाच्या पूर्व टोकाला हालावा नावाची खोल, हिरवी दरी आहे. दरीत अळूची पाण्याने भरलेली खाचरं होती, अगदी आपल्या कोकणातल्या भातखाचरांसारखी बांध घातलेली. दरी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूची टेकडी आहे. १९७० साली विद्यार्थी असलेल्या कर्चनी या टेकडीत उत्खनन केलं.

तिथे जुनी वस्ती निघाली. गोलाकार टोकं असलेल्या झोपड्यांच्या खुणा, चुली, दगडी वाशे, गळ, डुकरा-कुत्र्यांची हाडं. कोळशाच्या तारखा जुन्या आल्या, आणि वस्ती इ.स. ६०० च्या सुमाराला सुरू झाली असं मांडलं गेलं. १९७५ साली मॅरियन केली यांच्यासोबत त्याचा सविस्तर अहवाल छापून आला. ओआहूवरच्या बेलोज समुद्रकिनाऱ्याच्या उत्खननातही तरुण कर्च होते. तिथल्याही तारखा जुन्या आल्या होत्या. हवाईत माणसाचं पहिलं पाऊल दाखवणाऱ्या ज्या थोड्या जागा मानल्या जात, त्यात या दोन्ही होत्या.

१९८५ साली कर्चनी हवाईच्या पुरातत्त्वावर 'फेदर्ड गॉड्स अँड फिशहुक्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात हवाईच्या इतिहासाचे टप्पे पाडले, आणि पहिला टप्पा, म्हणजे वसाहतीचा, इ.स. ३०० ते ६०० असा धरला. पुस्तक उत्तम होतं, म्हणून ते सगळीकडे वापरलं गेलं. त्याबरोबर त्या तारखाही सगळीकडे गेल्या.

चूक नेमकी कुठे झाली?

इथे थोडं तांत्रिक आहे, पण सोपं करून सांगतो. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेतं आणि त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. नवीन लाकूड तयार होणं थांबलं की त्या लाकडातला कार्बन-१४ कमी होत जातो. ५७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की वय कळतं.

आता विचार करा. गावात जुना वाडा पाडला. त्यातला दीडशे वर्षांचा सागवानी वासा कुणीतरी यंदाच्या होळीत टाकला. दुसऱ्या दिवशी त्याचा कोळसा तुम्ही प्रयोगशाळेत दिलात. यंदाची तारीख येईल का? नाही. ते सागाचं लाकूड ज्या वर्षी तयार झालं, त्याची तारीख येईल. प्रयोगशाळेने काहीच चूक केलेली नाही. तुम्ही विचारलं होतं "होळी कधी पेटली?" आणि त्यांनी उत्तर दिलं "लाकूड कधी वाढलं?"

याला जुन्या लाकडाचा प्रश्न म्हणतात. मोठ्या झाडाच्या गाभ्यातलं लाकूड सालीजवळच्या लाकडापेक्षा शेकडो वर्षांनी जुनं असू शकतं. हवाईच्या किनाऱ्यांना तर उत्तर अमेरिकेतून वाहत आलेले प्रचंड ओंडके लागतात, आणि कुणी तेच चुलीत घातले तर? १९७० च्या काळात कोळसा कुठल्या झाडाचा आहे हे ओळखून मग तारीख काढायची पद्धत रुळलेली नव्हती. शिवाय तेव्हा तारीख काढायला बराच कोळसा लागायचा. म्हणून वेगवेगळे तुकडे एकत्र करून पाठवले जात, आणि अधिक-उणेचा पल्लाही मोठा यायचा. कर्चनी हलगर्जीपणा केला असं नाही. त्या काळच्या चांगल्या पद्धतीने काम करूनही उत्तर चुकलं, आणि माझ्या मते हीच गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे.

वाद, आणि वादात उलट्या बाजूला

१९९३ साली मॅथ्यू स्प्रिग्ज आणि अथोल अँडरसन यांनी पूर्व पॉलिनेशियाच्या रेडिओकार्बन तारखांची चाळणी लावली. नमुना कशाचा होता, थर नीट होता का, एकाच जागच्या बाकीच्या तारखांशी जुळतो का? जे नमुने या कसोट्यांना उतरले नाहीत ते बाजूला काढले. बऱ्याच जुन्या तारखा गळून पडल्या. म्हणजे पूर्व पॉलिनेशियात माणूस आपण समजत होतो त्यापेक्षा उशिरा आला असणार.

कर्चनी हे लगेच मान्य केलं, असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. त्यांची मांडणी वर्षानुवर्षं जुन्या काळाच्या बाजूची होती. १९९४ साली त्यांनी जोआना एलिसन यांच्यासोबत एक पेपर लिहिला. कुक द्वीपसमूहातल्या मांगाइया बेटाच्या तळ्यांतल्या गाळावरून जंगलतोडीच्या खुणा दाखवून, माणूस तिथे सुमारे २५०० वर्षांपूर्वीच पोहोचला असावा, असा त्यांचा दावा होता. अँडरसननी त्यावर आक्षेप घेतला. वाद छापील पानांवर झाला, दोन्ही बाजूंनी पुरावे ठेवून.

हे मुद्दाम सांगतोय. थोर संशोधक म्हणजे आपली चूक दाखवली की हसत मान्य करणारा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो आपल्या मतासाठी भांडतो, आणि ते योग्यही आहे. कच्च्या आक्षेपाने मत सोडलं तर ज्ञान पुढे जात नाही. खरा प्रश्न पुढचा असतो. पुरावा साचत गेला की तो काय करतो?

पुरावा साचत गेला. ओआहूच्या एवा मैदानात तळ्यांच्या गाळाचे थर, परागकण आणि माणसाबरोबर होडीतून आलेल्या उंदरांची हाडं यांचा अभ्यास झाला. स्टीफन अथेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामातून हवाईतलं माणसाचं आगमन इ.स. १००० च्या आसपास सरकू लागलं. २०११ साली जेनेट विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पूर्व पॉलिनेशियातल्या ४५ हून अधिक बेटांवरच्या १४३४ तारखा एकत्र तपासल्या. त्यांनी फक्त अल्पायुषी वस्तू, म्हणजे बिया, कवचं, बारीक फांद्या, यांच्यावर सर्वाधिक भर दिला. चित्र अजूनच अलीकडे सरकलं. ताहितीच्या परिसरात इ.स. १०२५ ते ११२०, आणि त्यानंतर दूरच्या बेटांवर झपाट्याने ११९० ते १२९०. हवाईसाठीचा त्यांचा अंदाज सगळ्यांना पटला नाही, तिथे थोडं आधीचं आगमन मानणारेही आहेत. पण इ.स. ३०० कडे परत जाणारं फारसं कुणी उरलं नाही.

२००७: खोकं परत उघडलं

या सगळ्याच्या मधे, २००७ साली, कर्च आणि मार्क मकॉय यांनी हालावाचा प्रश्न परत हातात घेतला. १९७० च्या उत्खननातला कोळसा म्युझियममध्ये जपून ठेवलेला होता. त्यातले तुकडे झाडाच्या जातीनुसार ओळखले, अल्पायुषी निवडले, आणि नव्या तंत्राने तारखा काढल्या. या तंत्राला अगदी बारीकसा तुकडा पुरतो. निकाल स्पष्ट होता. हालावाची वस्ती मानली होती त्यापेक्षा कित्येक शतकं अलीकडची होती. ती पहिल्या वसाहतीची जागा नव्हती. पेपर 'जर्नल ऑफ द पॉलिनेशियन सोसायटी'त आला.

हे शक्य कशामुळे झालं ते बघा. ३७ वर्षं कुणीतरी ते नमुने फेकले नाहीत. कुठला तुकडा कुठल्या थरातला, हे लेबलवर वाचता येत होतं. १९७५ च्या अहवालात थरांची रेखाटनं, मोजमापं, काय कुठे सापडलं हे इतकं नीट दिलं होतं की निष्कर्ष बाजूला ठेवूनही माहिती वापरता आली. निष्कर्ष बदलला तरी माहिती टिकली.

२०११ साली कर्चनी आणखी एक लेख लिहिला. हवाईत पॉलिनेशियन लोक कधी आले या प्रश्नावर दीडशे वर्षांत कुणी काय म्हटलं, याचा त्यात आढावा घेतला होता. त्या यादीत स्वतःच्या जुन्या मताचाही समावेश केला, आणि इ.स. १००० च्या आसपासचं आगमन मान्य केलं. २०२३ साली 'फेदर्ड गॉड्स अँड फिशहुक्स'ची सुधारित आवृत्ती आली. सहलेखक कोण? मार्क मकॉय, ज्यांच्यासोबत हालावाच्या तारखा खोडल्या तेच.

आता एमरींचा तो पहिला आकडा आठवा. इ.स. १००४. साठ वर्षं फिरून आपण जवळपास तिथेच आलो. पण "बघा, पहिलंच उत्तर बरोबर होतं" असं म्हणू नका हं. त्या तारखेला १८० वर्षांचा अधिक-उणे होता, कोळसा कुठल्या झाडाचा हे माहीत नव्हतं, आणि एका आडोशाची तारीख म्हणजे पूर्ण द्वीपसमूहाची नव्हे. योगायोगाने बरोबर येणं आणि कारणांसह बरोबर येणं यातला फरक व्हायवात विचारला जातोच.

तारीख बदलली की गोष्ट बदलते

तुम्ही म्हणाल, चारशे-सहाशे वर्षं इकडे की तिकडे, एवढं काय त्यात? खूप आहे. कॅप्टन कुक १७७८ साली हवाईला पोहोचला तेव्हा तिथे दाट लोकवस्ती, सिंचनाची शेती, मोठी मंदिरं आणि देवासमान मानले जाणारे राजे होते. माणूस इ.स. ३०० ला आला असेल तर हे सगळं घडायला जवळपास दीड हजार वर्षं मिळाली. इ.स. १००० ला आला असेल तर आठशेही नाहीत. सरदारांचे राजे कसे झाले याची प्रत्येक मांडणी या वेळापत्रकावर उभी आहे, आणि कर्च यांचं अर्धं आयुष्य याच प्रश्नात गेलंय. म्हणजे तारीख खोडताना ते स्वतःच्याच बाकीच्या इमारतीचा पाया हलवत होते.

मग त्यांनी काय केलं? जास्त बारीक घड्याळ शोधलं. माउई बेटावरच्या काहिकिनुई या कोरड्या भागात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. हा भाग हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनीत येतो, आणि तिथे परत वस्ती करू पाहणाऱ्या लोकांना बरोबर घेऊन हे काम झालं. तिथल्या जुन्या मंदिरांत, हवाईयन भाषेत 'हेइआउ', नैवेद्य म्हणून प्रवाळाच्या फांद्या ठेवलेल्या सापडल्या. टोकं न झिजलेली, म्हणजे समुद्रातून जिवंत तोडून आणलेली. प्रवाळाचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येतं, आणि चूक काही वर्षांचीच असते. इथे जुन्या लाकडाचा प्रश्नही येत नाही. प्रवाळ तोडला ते वर्ष म्हणजे जवळपास नैवेद्याचंच वर्ष.

वॉरन शार्प यांच्यासोबतचा हा पेपर २००५ साली 'सायन्स'मध्ये आला. ही मंदिरं शतकानुशतकं हळूहळू उभी राहिली असं आधी वाटत होतं. तारखा मात्र सांगत होत्या की इ.स. १६०० च्या आगेमागे, साधारण ६० वर्षांत, मंदिरांचं अख्खं जाळं उभं राहिलं. म्हणजे दोन-तीन पिढ्यांत. माउईच्या मौखिक परंपरेत पिइलानी घराण्याने बेट एका सत्तेखाली आणल्याच्या कथा आहेत, त्या साधारण याच काळाच्या आहेत. २०१० च्या 'हाउ चीफ्स बिकेम किंग्ज' या पुस्तकात या धाग्यांवर मांडणी केली आहे. इतिहास छोटा झाला, तसा वेगवान झाला, आणि जास्त समजण्यासारखाही.

एकाच पुराव्यावर उभं न राहणं

कर्च यांच्या कामाचा सर्वांत दूर गेलेला भाग कुठला, असं विचाराल तर मी त्यांची सवय सांगेन. एकाच प्रकारच्या पुराव्यावर ते सहसा थांबत नाहीत.

रॉजर ग्रीन हे पॉलिनेशियन पुरातत्त्वातलं दुसरं मोठं नाव. दोघांनी मिळून २००१ साली 'हवाइकी' हे पुस्तक लिहिलं. सुमारे २५०० वर्षांपूर्वी टोंगा-सामोआ भागात राहणाऱ्या मूळ पॉलिनेशियन समाजाचं जगणं उभं करायचा तो प्रयत्न आहे. पद्धत मोजणीदाराची आहे. एखाद्या बिंदूची जागा ठरवायला वेगवेगळ्या ठिकाणांहून रेषा टाकायच्या, आणि जिथे छेदतील तिथे तो बिंदू. इथे तीन रेषा: भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, पुरातत्त्व.

उदाहरण घ्या. खड्ड्यात तापवलेले दगड ठेवून, वर पानांत गुंडाळलेलं अन्न रचून, झाकून भाजायची पद्धत. रायगडकडची पोपटी खाल्ली असेल तर कल्पना येईल, फक्त इथे मडकं नाही, जमीनच भांडं. याला सामोआत 'उमू', टोंगात 'उमू', माओरीत 'उमू' आणि हवाईत 'इमू' म्हणतात. एवढ्या दूरच्या भाषांत हाच शब्द, म्हणजे तो मूळ भाषेत असणार. ही पहिली रेषा. सगळ्या बेटांवर ही भट्टी कशी वापरली जाते, कोण पेटवतं, कधी पेटवतं, याची वर्णनं ही दुसरी. आणि जुन्या थरांत तडकलेल्या दगडांनी भरलेले खड्डे निघतात, ही तिसरी. शब्दाला तारीख नसते, ती खड्डा देतो. खड्ड्याला नाव नसतं, ते शब्द देतो.

याच सवयीचं आधीचं उदाहरण म्हणजे टिकोपिया. सोलोमन द्वीपसमूहाच्या पार आग्नेय टोकाचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं बेट. रेमंड फर्थ १९२८-२९ मध्ये तिथे राहिले होते आणि मानववंशशास्त्रातलं गाजलेलं काम केलं होतं. कर्च १९७७-७८ मध्ये वनस्पतीतज्ज्ञ डग्लस येन यांच्यासोबत गेले. उत्खननातून दिसलं की सुरुवातीला आलेल्या लोकांनी पक्षी, कासवं, मासे यांचा फडशा पाडला, जंगल जाळलं. नंतर हळूहळू फळझाडांच्या थरावर थर अशा बागा लावून बेट सावरलं. वरच्या थरांत डुकराची हाडं संपतात. लोकांनी डुकरं पाळणंच बंद केलं होतं. फर्थनी जे समतोल जगणं पाहिलं, त्याच्यामागे किती चुका आणि निर्णय होते हे त्यातून कळलं. जॅरेड डायमंड यांच्या 'कोलॅप्स'मुळे टिकोपियाची ही गोष्ट जगभर गेली, पण तिचा पाया कर्च आणि येन यांच्या खड्ड्यांत आहे.

पुढे मातीचे अभ्यासक, परिस्थितीशास्त्रज्ञ यांच्याबरोबर त्यांनी हवाईत काम केलं. मातीतल्या पोषणद्रव्यांवरून कोरडवाहू रताळ्याची शेती कुठे टिकली, कुठे नाही, हे बघितलं. बेट म्हणजे इतिहासाची प्रयोगशाळा ही कल्पना त्यातून रुजली. सुरुवात सारखी, भाषा सारखी, फक्त बेटाचं आकारमान आणि पाऊस वेगळा. मग समाज वेगळे का झाले?

तुमच्यासाठी यात काय आहे

प्रभाव म्हणजे संदर्भांची संख्या, असं आपल्याला सध्या शिकवलं जातं. कर्च यांच्याकडे तीही आहे. पण त्यांच्या कामाकडे बघून मला प्रभावाचं दुसरं माप सुचतं. त्यांचे निष्कर्ष चुकल्यावरही त्यांची कुठली माहिती वापरता आली?

तेव्हा प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा तीन कामं करा.

एक, तुमच्या मुख्य दाव्याखाली लिहा: हा चुकीचा असेल तर कशावरून कळेल? उत्तर सुचत नसेल तर दाव्यावर अजून काम बाकी आहे.

दोन, मोजलं काय आणि समजलं काय, हे वेगळ्या रकान्यांत ठेवा. "कोळसा इतका जुना" हे मोजमाप. "वस्ती इतकी जुनी" हा अर्थ. हालावाची अख्खी चूक या दोन वाक्यांमधल्या जागेत होती.

तीन, कच्ची सामग्री जपा. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगच्या फाइलला "न्यू फायनल २" असं नाव देऊ नका. तारीख, जागा, कुणी, कशी, हे आजच लिहा. पाच वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला तर मुळीच कळणार नाही.

आणि सुरुवातीची ती भीती? ती जाणार नाही. विसाव्या वर्षी हालावाच्या वाळूत उभ्या असलेल्या मुलाला आपल्या तारखा चुकणार आहेत हे माहीत नव्हतं, आणि आपल्यालाही आपल्या कामाबद्दल ते माहीत नसतं. त्याने त्या दिवशी एवढंच केलं: कोळसा पिशवीत भरला आणि पिशवीवर थराचा नंबर नीट लिहिला. तेवढं आपल्या हातात आहे.